दोघांची बाबागाडी घेण्याआधी

दुसऱ्याची चाहूल लागली की घरात याद्या सुरू होतात. दुपटी थोरल्याची आहेतच, पाळणा माळ्यावरून उतरवायचा, टोपडी-झबली कुणाकडून तरी येतील. मग एका रात्री मोबाईलवर डबल स्ट्रोलर दिसतो. दोन सीट, दोन टप, दोन हसरी मुलं. किंमत वाचून धस्स होतं, तरी बोट काही पुढे सरकत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. जुळी असतील, किंवा दोघांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर असेल, तर खुशाल घ्या. ‘आम्ही नाही का कडेवर वाढवली’ असं म्हणणारे घरात असतातच. त्यांना एकदा दोघांना घेऊन भाजीला पाठवा. पण थोरलं अडीच-तीन वर्षांचं असेल, तर बहुतेक घरांना ही गाडी लागत नाही. हिशेब करून बघा. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण आणि बाळ फारसं बाहेर पडत नाहीत. त्यानंतरचे काही महिने धाकटं मांडीवर, नाहीतर पोटाशी बांधलेल्या कॅरियरमध्ये असतं. ते नीट बसायला लागतं तोवर सहा-आठ महिने गेलेले असतात, आणि एव्हाना थोरल्याला गाडीत बसायचंच नसतं; त्याला गाडी ढकलायची असते. म्हणजे दोन्ही सीट भरलेल्या दिसतील असा काळ फार थोडा.

अशा घरांसाठी एक सोपा उपाय आहे. जुन्या एकेरी गाडीच्या मागे जोडायची चाकांची फळी मिळते. थोरलं तिच्यावर उभं राहतं, दमलं की चढतं, कंटाळलं की उतरतं. आपल्या गाडीला ती बसते का आणि किती वजन पेलते, एवढं मात्र विचारून घ्या.

तरीही डबलच घ्यायची ठरली, तर दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन स्वतःच्या लिफ्टपाशी जा. सोसायट्यांमधल्या सहा माणसांच्या लिफ्टचं दार साधारण 70 सेंटिमीटर उघडतं, आठ माणसांच्या लिफ्टचं 80. शेजारी-शेजारी सीट असलेली गाडी बहुधा 75 ते 80 सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे सहा माणसांच्या लिफ्टसमोर ती अडलीच म्हणा. मग पुढे-मागे सीट असलेली घ्यावी, तर ती दारातून सहज जाते. पण त्या लिफ्टची खोली मीटरभरच असते आणि गाडी त्याहून लांब. अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि दार सारखं उघडझाप करतंय. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टबद्दल तर बोलायलाच नको. फ्लॅटचं दार ऐसपैस असतं, पण सेफ्टी डोअरची चौकट आणि पॅसेजमधलं चपलांचं कपाट तेही धरा. आणि कारची डिकी: सीएनजीचा सिलिंडर असेल तर तिथे घडी केलेली डबल मावणं बहुधा कठीण.

आता रस्ता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2012च्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा असावी, उंची 15 सेंटिमीटरहून जास्त नसावी, असं लिहिलं आहे. कागद चांगला आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर दोघांना घेऊन मजेत फिरता येतं. तिथून आतल्या गल्लीत वळलात की पेव्हर ब्लॉक उखडलेले, मधेच डीपी, आणि दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेले खांब. त्या खांबांमधून रुंद गाडी जात नाही. लांबडी जाते, पण पायरीशी तिचं पुढचं चाक उचलायला जोर लागतो, कारण बहुतेकदा थोरलं पुढेच बसलेलं असतं. शेजारी-शेजारीवाली वळवायला सोपी. तिच्यात मुलं एकमेकांकडे बघतात, खेळतात, चिमटेही काढतात. एका बाजूला चौदा किलो आणि दुसऱ्या बाजूला पाच, असं असेल तर ती थोडी ओढते, पण हाताला सवय होते. जुळ्यांसाठी मी तीच सुचवेन.

परदेशातली मराठी घरं मात्र यातून वगळा. न्यू जर्सीत हाताशी आजी नाही, कामाला मावशी नाही, आणि फूटपाथला उतार आहेत. तिथे डबल ही चैन नाही. फक्त डिस्नेच्या थीम पार्कांत 2019 पासून 31 इंचांहून रुंद किंवा 52 इंचांहून लांब गाडी आत घेत नाहीत, एवढं घेतानाच बघून ठेवा.

गाडी कोण उचलणार, हे तर कुणी विचारतच नाही. रिकामी डबल सहज बारा-पंधरा किलोंची असते. सिझेरियननंतरचे सहा आठवडे डॉक्टर बाळाहून जड काही उचलू देत नाहीत, आणि दिवसा घरी असतात ती गुडघे धरून चालणारी सासू नाहीतर आई. म्हणून दुकानात नवऱ्याला घडी घालायला लावू नका; गाडी जी खरोखर वापरणार आहे, तिला घालू द्या. एका हातात काहीतरी जड धरून.

घडीवरून आणखी एक. 2009 मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख बाबागाड्यांना बिजागऱ्यांवर झाकणं बसवावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. त्यांत डबल गाड्याही होत्या. गाडी कुठल्याही कंपनीची असो, उघडताना-मिटताना थोरलं हातभर लांब हवं. नेमकं त्याच वेळी त्याला मदत करायची असते.

नवजात बाळाला बसती सीट चालत नाही. आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, साधारण सहा महिने, पाठ सपाट टेकेल अशीच सीट हवी. हनुवटी छातीला टेकली की श्वास अडू शकतो. पुढे-मागेवाल्या कित्येक गाड्यांत एकच सीट पूर्ण आडवी होते. थोरल्या-धाकट्याला ते चालतं, जुळ्यांना नाही. आणि उन्हात वरून दुपटं टाकून गाडी बंद करू नका, आत हवा कोंडून तापते.

नवीनच हवी असं काही नाही. जुळ्यांच्या आईबापांची गाडी दोन-अडीच वर्षांत रिकामी होते आणि त्यांना ती घरातून जायला हवी असते. पट्टे, ब्रेक आणि घडीचा खटका तपासा. बाकी कापड धुता येतं.

थोरल्याची जागा बदलायची असेल, तर धाकटं यायच्या महिना-दोन महिने आधीच बदला. बाळ घरी आलं त्याच आठवड्यात आपली सीट गेली, तर त्याचा राग कुणावर निघेल हे तुम्ही जाणता.

आणि जुनी एकेरी गाडी एवढ्यात नणंदेला देऊन टाकू नका. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस द्यायला धाकटं एकटंच जाणार आहे, आणि तेवढ्यासाठी पंधरा किलोंची गाडी कुणी खाली उतरवत नाही.