वयात आलेल्या मुलीचे रक्त



कापणीच्या दिवसांत मुलगी लवकर दमते, तिला धाप लागते, चेहरा फिकट दिसतो. घरात म्हणतात, “वयात आली, असे व्हायचेच.” ही समजूत चुकीची आहे. हा रक्तक्षय असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांत ३१ जणांना.

कारणे : या वयात शरीर झपाट्याने वाढते आणि पाळीत दर महिन्याला रक्त जाते. अनवाणी शेतात गेल्यास आकडीकृमी तळपायातून शिरतात व आतड्यात रक्त शोषतात. अशीच मुलगी लवकर आई झाली, तर तिच्या व बाळाच्या जिवाला धोका वाढतो. मुलीच्या लग्नासाठी कायद्याने १८ वर्षे पूर्ण लागतात, हेही विसरू नये.

आहार : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागते, मुलग्याला २६. याच संस्थेने २०१३ साली किशोरवयीनांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. भाताच्या जेवणाबरोबर १०० ग्रॅम पेरू दिला, तेव्हा अन्नातील लोह सुमारे दुप्पट अंगी लागले. पेरूतील क जीवनसत्त्वाचा हा गुण. म्हणून सगळे पेरू बाजारात न धाडता काही घरच्या ताटासाठी ठेवावेत. आवळा, लिंबूही चालेल. जेवणाला लागून चहा मात्र नको.

उपचार : सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शाळेत, व शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत, आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मोफत मिळते. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळे झाले तर घाबरू नये. जंताची गोळीही वेळेवर घ्यावी. रक्त तपासून हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी निघाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मोकळे बोलणे : पाळी फार जाते, हे मुलगी लाजेने सांगत नाही. मुलग्यांच्याही शंका मनातच राहतात. महाराष्ट्रात ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत या वयासाठी ‘मैत्री’ क्लिनिके आहेत. तेथे समुपदेशक ऐकून घेतात व गोष्ट गुप्त ठेवतात. मुलांना तेथे जाऊ द्यावे.

घरी विचार करा :
१. आपल्या मुलीचे रक्त शेवटी कधी तपासले?
२. ताटात शेवटी उरलेलेच तिच्या वाट्याला येते काय?
३. पाळीविषयी ती घरात कोणाशी बोलू शकते?