पोळलेल्या बाळावर आधी पाणी

विक्रोळीच्या सूर्यनगर, पार्कसाइटमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत स्वयंपाक, आंघोळ आणि रांगतं बाळ एकाच फरशीवर असतं. म्हणून वस्तीत आम्ही पाहतो ती भाजलेली मुलं बहुधा आगीने नव्हे, चहाने, वरणाने, आंघोळीच्या कढत पाण्याने पोळलेली असतात. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम ओता. आईला बोल लावण्यापेक्षा घरच्या पुरुषांनी शेगडी ओट्यावर चढवून द्यावी.

पोळलंच, तर कपडे काढा. चिकटलेला ओढू नका. भाजल्या जागी साध्या पाण्याची धार २० मिनिटं धरा, बाकीचं अंग उबदार ठेवा. नळ गेला असेल तर पिंपातलं पाणी मगाने ओता. ही पाणी जपायची वेळ नव्हे. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नका. स्वच्छ फडक्याने झाकून राजावाडी रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन लावा.