पालेभाजीचें हलकें सार

हिंवाळ्यांत येवल्याच्या बाजारांत मेथी, मुळा, कोवळी करडई व पातीचा कांदा यांच्या जुड्या येतात. भाकरीबरोबर हा पाला मिठाशीं कच्चा खाण्याची आपल्याकडील चाल जुनी व चांगली आहे. तथापि तापांतून उठलेला माणूस, दांत पडलेले वृद्ध व लहान मूल यांस कच्चा पाला चावत नाहीं व पचतही नाहीं. शिवाय पाटाच्या पाण्याची माती व जंतांचीं अंडीं पानांस चिकटून येतात तीं निराळींच. अशांकरितां त्याच पानांचें पातळ सार करावें. फ्रान्स देशांत लेट्यूसचीं बाहेरचीं जून पानें टाकून न देतां त्यांचें सूप करण्याची रीत आहे. आपल्या मेथीस, पालकास व चाकवतास ती तितकीच लागू पडते.

पाला कोठून आणावा हा पहिला प्रश्न, आणि माझ्या मतें स्वयंपाकापेक्षां हाच मोठा. आपला तालुका कमी पावसाचा व कांद्याचा. उन्हाळ कांद्याची लागण उरकली म्हणजे वाफ्यांत रोप उरतें, आणि ती कोवळी पात फुकट जाऊं नये म्हणून घरीं आणण्याचा मोह होतो. गेल्या पौषांत नातू तापांतून उठला असतां मींही ती आणली. सार चुलीवर चढलें आणि सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, ह्या रोपावर फवारा केव्हां मारला होता?" मला सांगतां येईना, गड्यालाही दिवस आठवेना. सबंध पातेलें खड्ड्यांत ओतलें. सारा जन्म सरकारी दप्तरांत लोकांच्या जमिनींच्या नोंदी लिहिल्या, आणि स्वतःच्या वाफ्याची एक तारीख लिहिली नाहीं!

रोपास मर व करपा लागूं नये म्हणून बुरशीनाशकें, फुलकिड्यांकरितां कीटकनाशकें आपण वापरतों. यांपैकीं कांहीं औषधें आंतरप्रवाही असतात. तीं पानाच्या अंगांत शिरतात व धुतल्यानें जात नाहींत. काढणीपूर्वीं किती दिवस थांबावें हें डब्यावर लिहिलेलें असतें, पण तें पोसलेल्या कांद्याकरितां. रोपाच्या पातीकरितां नव्हे. म्हणून विहिरीजवळ, फवारा उडून येणार नाहीं अशा बाजूस, घरापुरता एक वाफा निराळा राखावा. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीस येते; दहा-बारा दिवसांच्या अंतरानें थोडी थोडी पेरीत गेल्यास पाला तुटत नाहीं.

आतां कृति. चार माणसांस पाव किलो निवडलेला पाला पुरे. त्यांत मेथी चौथाईहून अधिक नसावी, नाहींतर सार कडू होतें. पाला अखंड असतांनाच तीन पाण्यांतून धुवावा व मग चिरावा. चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर जातें. दोन मोठे चमचे मुगाची डाळ पांच वाट्या पाण्यांत मऊ शिजवावी. चमचाभर तुपांत जिरें, चार लसूणपाकळ्या व एक कांदा परतून त्यांत ही डाळ पाण्यासह ओतावी. उकळी आली कीं आधीं देंठ व दोन मिनिटांनीं पानें टाकावीं. झांकण ठेवूं नये. उघड्या पातेल्यांत रंग हिरवा राहतो. रंगासाठीं कित्येक घरीं सोडा घालतात, त्यानें जीवनसत्त्वें नासतात. पानें टाकल्यावर तीन-चार मिनिटांत पातेलें उतरावें, रवीनें घोटावें, आणि मीठ, मिरपूड घालून लिंबू शेवटीं पिळावें. लिंबाच्या आंबटपणानें पाल्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते, व तूप थोडें तरी असावेंच, कारण पाल्यांतील अ जीवनसत्त्वाचा अंश स्निग्धांशावांचून नीट शोषला जात नाहीं. चुका घातल्यास लिंबू नको. मात्र तें सार कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत मुळींच करूं नये.

ज्यांस मूतखड्याची खोड आहे त्यांनीं पालक, चुका, राजगिरा व घोळ टाळून मेथी व कांद्याची पात यांवरच भागवावें. सार ताजें प्यावें. सकाळचें उरलेलें रात्रीं आजाऱ्यास देऊं नये, गोठ्यांत द्यावें.