जिरे सोडण्याआधी तळ्यात जाळे ओढा

रामटेक, मौदा, कुहीकडून सध्या एकच ओरड येते आहे: जिरे, म्हणजे माशांची चिमुकली पिल्ले, सोडले आणि चार दिवसांत तळे रिकामे. दोष थेट बीज केंद्राला. आधी आपल्या तळ्यातून मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे ओढून बघा. त्यात पाठीवर पोहणारे किडे, पाणविंचू, चतुराच्या अळ्या वळवळताना दिसल्या, तर जिरे कुठे गेले हे केंद्राला विचारायला नको.

पहिल्या पावसात तळे भरते, मग पाऊस दडी मारतो आणि जिरे हाती येईपर्यंत पंधरवडा उलटतो. तेवढ्यात किडे उडत येऊन अंडी घालून मोकळे. कटला-रोहूचे पिल्लू पहिले तीन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगते. ती संपते तेव्हाच ते तुमच्याकडे येते, जेमतेम ६ मिलिमीटरचे. पंधरा-वीस दिवसांत इंचभर झाले की किड्यांच्या तावडीतून बरेचसे सुटते. पहिला आठवडाच घाताचा.

उपाय जुनाच आहे. हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल, १८ किलो धुण्याचा साबण. दहा गुंठ्यांना साडेपाच किलो तेल आणि पावणेदोन किलो साबण पुरे. साबण किसून गरम पाण्यात विरघळवा, तेल ओतून पांढरट होईस्तोवर घोटा आणि जिरे सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी, वारा पडल्यावरच, शिंपडा. हे किडे श्वासासाठी वर येतात आणि तवंगाखाली गुदमरतात. वारा असला की तवंग एका काठाला गोळा होतो, तेल फुकट. चतुराची अळी पाण्यातच श्वास घेते, ती तेलाला दाद देत नाही. तिला जाळ्यानेच काढा. सकाळी मेलेले किडेही काढा.

एवढे सोपे काम सोडून कुणी मीठ टाकतो, कुणी हळद. एका गड्याने कपाशीवरचे उरलेले कीटकनाशक ओतले होते. किडे मेले, पाणी नितळ झाले, म्हणून तो खूश! नितळ म्हणजे जिऱ्यांना खायला सूक्ष्म जीवही उरले नव्हते. वर विषाचा अंश. एक जिरे वाचले नाही. आणि ‘किडे खातीलच’ म्हणून दुप्पट जिरे टाकणारे तर गावोगाव आहेत. दहा गुंठ्यांत तीन ते पाच लाख, त्यापुढे नको. १० जुलै १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशातल्या अंगुलला संप्रेरक टोचून माशांची पैदास करून दाखवली, ती किड्यांना पोसायला नव्हे.

जिऱ्यांची गाडी निघायची वेळ आली आणि जाळ्यात अजून किडे येत असतील, तर केंद्राला फोन करून जिरे दोन दिवस पुढे ढकला.