भाषणाला उभे राहिले की छाती का धडधडते?

पावसाळ्यात दवाखान्यात गर्दी असते ती तापाची, खोकल्याची आणि जुलाबाची. अशाच एका गर्दीच्या सकाळी चाळिशीतल्या एक बाई 'छातीत धडधडतंय' म्हणून आल्या. सोबत यजमान होते. आठ दिवसांपासून झोप नाही, जेवण जात नाही, तळहाताला घाम सुटतो, सारखे लघवीला जावे लागते, अशा तक्रारी होत्या. नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, ईसीजी काढला, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडसाठी रक्त तपासायला पाठवले. सर्व ठीक निघाले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा मी विचारले, "ताई, आठ दिवसांपूर्वी घरात काही घडलं का?"

बाई गप्प. यजमानच म्हणाले, "घरात काही नाही डॉक्टरसाहेब. ही सरपंच झालीय. पंधरा दिवसांनी ग्रामसभा आहे. मी म्हणतो, तू नुसती खुर्चीवर बस, बोलायचं मी बघतो."

तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. "वस्तीवरच्या पाइपलाइनचा ठराव आहे. तिथल्या बायकांना मी शब्द दिलाय. हे बोलायला लागले की तो विषय शेवटी जातो, आणि शेवटपर्यंत कुणी थांबत नाही."

दुखणे हृदयाचे नव्हते, ग्रामसभेचे होते.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. तेव्हापासून अशा भगिनी दवाखान्यात दिसू लागल्या. पण हा त्रास केवळ त्यांचा आहे असे नाही. निरोपसमारंभात दोन शब्द बोलायचे म्हणून त्या दिवशी रजा टाकणारे हेडक्लार्क मी पाहिले आहेत. तोंडी परीक्षेच्या सकाळी जुलाब होणारी मुले तर दरवर्षी येतात. आणि दुसऱ्याचे कशाला सांगू? डॉक्टरी सुरू केल्यावर एका रक्तदान शिबिराच्या उद्घाटनाला मला बोलावले होते. रात्रभर जागून भाषण पाठ केले. तिसऱ्या वाक्यानंतर चौथे आठवेना. समोर दोनशे विद्यार्थी आणि मी माईक धरून उभा. शेवटी "रक्तदान करा" एवढेच म्हणून खाली बसलो. ज्या विषयाची पदवी घेतली त्याच विषयावर माझी वाचा बसली होती!

असे का होते ते आधी समजून घेऊ. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. संकट दिसताच मेंदूकडून तिला आज्ञा जाते आणि ती अॅड्रिनालीन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. पूर्वी रानात वाघ समोर आला तर माणसाला लढायचे तरी असे किंवा पळायचे तरी. दोन्हीला हातापायांच्या स्नायूंत भरपूर रक्त हवे, म्हणून हृदय जोरात धावते. श्वास भरभर होतो. पोटाकडचे रक्त कमी होते, म्हणून पोटात गोळा आल्यासारखे वाटते. अन्न पचवायची ती वेळ नसते, म्हणून लाळ आटते आणि जीभ टाळूला चिकटते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हात गार पडतात. लढायला तयार झालेले स्नायू नुसते उभे राहिले की थरथरतात. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात ही सारी यंत्रणा मांडली. मेंदूच्या या जुन्या भागाला वाघ आणि दोनशे माणसांची नजर यांतला फरक फारसा कळत नाही, एवढीच काय ती अडचण.

प्रयोगशाळेत माणसावर ताण आणायचा असेल तर शास्त्रज्ञ काय करतात ठाऊक आहे? त्याला भाषण करायला लावतात. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली बसवलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग चेहऱ्यावर कोणताही भाव न दाखवणाऱ्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे बोलायला लावायचे आणि नंतर तोंडी वजाबाकी करून घ्यायची. धडधाकट माणसांच्याही शरीरात ताणाची द्रव्ये भराभरा वाढतात. तेव्हा धडधड होते म्हणजे आपण दुबळे आहोत किंवा आपल्याला काही आजार आहे, असे मुळीच समजू नये.

ही धडधड बोलायला सुरुवात करण्याच्या सुमारास आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असते. पुढे ती आपोआप उतरू लागते. पण पुष्कळ लोक त्या पहिल्या मिनिटातच "माझं पुरे" म्हणून बसतात. त्यामुळे उतार कसा असतो हे त्यांना कधी कळतच नाही आणि पुढच्या खेपेला भीती दुप्पट होते. न बोलता टाळले तरी तेच होते. टाळल्याने त्या दिवसापुरते बरे वाटते, भीती मात्र पोसली जाते.

दुसरी गोष्ट अशी की, आपली थरथर आपल्याला जेवढी जाणवते तेवढी समोरच्याला दिसत नाही. अमेरिकेतील केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली विद्यार्थ्यांना भाषणे करायला लावून हे तपासले. बोलणाऱ्याला वाटे, आपण किती घाबरलो ते सर्वांना कळले. ऐकणाऱ्यांना त्याहून पुष्कळ कमी जाणवले होते. आणि ज्यांना ही गोष्ट भाषणाआधीच सांगून ठेवली, ते इतरांपेक्षा चांगले बोलले. मी ही माहिती रुग्णांना गोळीऐवजी देतो आणि बऱ्याच जणांना ती लागू पडते.

आता माझे चौथे वाक्य का हरवले, ते पाहू. पाठ केलेले भाषण हे साखळीसारखे असते. एक कडी निसटली की पुढचे सर्व खाली पडते. ही सवय शाळेपासून लागते. वक्तृत्व स्पर्धेसाठी गुरुजी भाषण लिहून देतात, आई घोटून घेते, आणि मूल "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून एका दमात शेवटपर्यंत धावते. त्यात बोलणे कमी आणि पाठांतर जास्त असते. मोठेपणी तोच माणूस ओट्यावर बसून तासभर रंगवून गोष्ट सांगतो, पण माईक हातात आला की त्याला शाळेतला तो हावभाव आठवतो आणि आवाज परका होऊन जातो.

त्यात भर म्हणजे भाषेची लाज. 'न' आणि 'ण' चुकेल, गावाकडचा शब्द तोंडातून जाईल, लोक हसतील, या भीतीने किती चांगली माणसे गप्प बसतात! माझे स्पष्ट मत आहे की, घरच्या बोलीत बोलावे. गाडगेबाबांकडे शाळेची विद्या नव्हती. ते वऱ्हाडीत बोलत, समोरच्या लोकांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. त्यांच्या कीर्तनाला हजारो माणसे बसत. त्यांचे सारे लक्ष समोरच्या माणसांवर असे.

बोलणारा स्वतःकडे पाहू लागला की अडखळतो. गांधीजींचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे असे आहे. विलायतेत शिकत असताना शाकाहारी मंडळींच्या सभेत त्यांना लिहून आणलेला कागदही वाचता येत नसे. डोळ्यांपुढे अंधारी येई आणि दुसऱ्याला वाचावे लागे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एक प्रश्नही न विचारता खाली बसले. पक्षकाराची फी परत केली. तेच गांधी १८९३ साली प्रिटोरियात तिथल्या हिंदी लोकांपुढे आयुष्यातले पहिले जाहीर भाषण करू शकले. विषय होता व्यापारातील सचोटी. तेथे आपण कसे दिसतो यापेक्षा या लोकांना काय सांगायला हवे हे त्यांच्या मनात पक्के होते. मात्र भीती त्या दिवशी कायमची गेली असे समजू नका. १८९६ साली मुंबईच्या मोठ्या सभेत त्यांचा आवाज पुन्हा बसला आणि भाषण अखेर दिनशा वाच्छा यांनी वाचून पुरे केले. हे सारे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

सरपंचबाईंना मी एवढेच सांगितले की, भाषण लिहू नका. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात चार शब्द लिहा. त्यांनी लिहिले: वस्ती, अंतर, खर्च, ठराव. पहिले वाक्य तेवढे पक्के ठेवा, कारण ते बोलताना धडधड शिखरावर असते. मग रोज उभे राहून, मोठ्याने, एकदा बोला. मनातल्या मनात म्हटलेले कामाचे नाही; जिभेला आणि श्वासाला त्याची सवय होत नाही. पहिले तीन दिवस एकट्याने, मग मुलीपुढे, मग शेजारच्या चार बायकांपुढे. आरशापुढे उभे राहायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. आरशात माणूस स्वतःलाच पाहतो, आणि तीच तर सवय मोडायची असते. त्यापेक्षा मोबाईलवर आवाज टेपून ऐकावा. आपण किती घाईने बोलतो ते लगेच कळते.

श्वासाचे एक तंत्र शिकवले. पोटावर हात ठेवून नाकाने चार अंकांपर्यंत श्वास घ्यायचा आणि सहा-आठ अंकांपर्यंत हळू सोडायचा. श्वास सोडताना हृदयाची गती मंद करणाऱ्या नसेचा जोर वाढतो, म्हणून सोडणे लांबवायचे. सभेआधी पाच मिनिटे पुरेत. ज्यांचे मन तरीही शांत होत नाही त्यांनी शांत होण्याचा अट्टहास सोडून "मला हे सांगायची उत्सुकता आहे" असे स्वतःशी म्हणावे. हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे म्हणणाऱ्यांची भाषणे "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड तीच असते, तिला दिलेले नाव बदलते.

बाकी बारीकसारीक गोष्टी सांगतो. सभेआधी दोन तास हलके खावे, उपाशी जाऊ नये. एकामागून एक चहा घेऊ नये, त्याने धडधड वाढते. लघवीला आधीच जाऊन यावे. सारखे खाकरल्याने स्वरतंतूंना इजा होते, त्यापेक्षा कोमट पाण्याचा घोट घ्यावा. गुडघे ताठ आवळून उभे राहू नये, पायांत रक्त साठून चक्कर येते. आठवेनासे झाले तर थांबावे, पुठ्ठ्याकडे पाहावे. आपल्याला युगासारखा वाटणारा तो थांबा ऐकणाऱ्याला श्वास घेण्याइतकाच वाटतो.

धीर यावा म्हणून 'थोडीशी' घेऊन व्यासपीठावर जाणारे आहेत. त्याने जीभ सैल होते आणि भानही सैल होते. दुसरे म्हणजे प्रोप्रॅनोलॉलची गोळी. थरथर कमी करण्यासाठी ती क्वचित आम्ही देतो, पण तपासून. मित्राच्या खिशातली घेऊ नये. दमेकऱ्यांना तिने श्वास कोंडण्याचा धोका असतो, आणि इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांची साखर उतरल्याची धडधड तिच्यामुळे झाकली जाते. चालताना, जिना चढताना छातीत दुखत असेल, घेरी येत असेल किंवा वजन घटत असेल तर ती धडधड भाषणाची समजू नये, तपासून घ्यावे. आणि जो माणूस दुकानात सुटे पैसे मागायला, फोन उचलायला, पंगतीत बसायलाही घाबरतो, त्याला मानसोपचाराची गरज आहे. त्याने तो पुष्कळ बरा होतो. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तेथे जायला संकोच करू नये.

ग्रामसभेनंतर चार दिवसांनी बाई सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आल्या. मीच विषय काढला. म्हणाल्या, "पुठ्ठा इतका हलत होता की मी तो टेबलावर ठेवून दिला. वस्तीवर हंडा घेऊन किती चालावं लागतं, ते इथं कोण कोण चाललंय, असं विचारलं. बायकांनी हात वर केले. मग पुढचं बोलता आलं." ठराव दुसऱ्याच क्रमांकावर घेतला आणि मंजूर झाला. यजमान मागे उभे होते. त्यांनी विचारले, "आमच्यासाठी काही औषध आहे का डॉक्टरसाहेब? आता पंचायत समितीत मला न्यायचं नाही म्हणते." मी त्यांना सासूबाईंची चिठ्ठी दिली आणि मेडिकलकडे पाठवले.