शेजारची जागा

चि. छकुलीस,


तुझं पत्र काल दुपारी आलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बसमध्ये त्या दोघी मणिपुरी मुलींना मागच्या सीटवरचा माणूस ‘चिंकी’ म्हणाला, ‘चीनला परत जा’ म्हणाला, चारजण हसले आणि तू मोबाईलमध्ये डोकं घातलंस. थेट हडपसर येईपर्यंत. ‘मावशी, मी काय करायला हवं होतं?’ असं विचारलंयस.

तुला रागावण्याचा अधिकार मला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका खेड्यातल्या शाळेत होते. मधल्या सुट्टीत पाण्याच्या पिंपाशी मुलांची झुंबड उडायची. सगळी आपल्या हाताने पेला बुडवून प्यायची. एक मुलगा मात्र बाजूला थांबायचा. गर्दी सरली की शिपाईबाई त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या, त्याचा हात लागणार नाही इतका पेला उंच धरून. पाणी कोपरावरून ओघळून त्याची चड्डी भिजायची. एकदा पिता पिता त्याने मान वर केली आणि दारात हजेरीपट घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात निघून गेले. पंधरा दिवसांनी तो घरून बाटली आणायला लागला, तेव्हा मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आजही टोचतं. शिपाईबाईंना तो कदाचित विसरला असेल, मला विसरला नसेल. ओतणारी बाई एकच होती गं. बघणारे आम्ही सहा शिक्षक होतो.

अशा वेळी आपल्याला वाटतं, बोलायचं म्हणजे त्या माणसाला चार खडे बोल सुनवायचे. तेवढी छाती होत नाही, म्हणून आपण काहीच करत नाही. पण आधी त्याच्याकडे वळायचंच नाही. त्या मुलींकडे जायचं. शेजारी उभं राहायचं, ‘मी आहे इथे’ म्हणायचं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यायला लोक धजत नव्हते. शाहू महाराज तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. हुकूम त्यांनी पुष्कळ काढले, पण गावाने डोळ्यांनी पाहिला तो त्यांच्या हातातला चहा.

नुसत्या हुकमाने भागत नाही, हे महाडला दिसलंच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले यांचा ठराव १९२३चा. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी गावातलं चवदार तळं खुलं असल्याचं मान्य केलं. तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन जाईपर्यंत त्या पाण्याला हात लावणं शक्य झालं नाही. ठराव कागदावर होता. काठावर सोबतीला उभं राहणारं गाव नव्हतं. म्हणून अनंतराव चित्र्यांसारख्या सवर्ण घरातल्या ज्या मोजक्या माणसांनी त्या लढ्यात साथ दिली, त्यांचं मोल मला फार वाटतं.

आणि बघ्यांना काही किंमत नसते, असं समजू नकोस. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा १९८९चा कायदा आहे ना, त्यात जाणूनबुजून अपमान करण्याच्या कलमात तो अपमान चारचौघांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. ते चारचौघे म्हणजे आपणच. उद्या कोर्टात ‘मी काही ऐकलं नाही’ असं आपण म्हटलं, की अपमान झालेल्या माणसाची तक्रार तिथेच लंगडी पडते.

मात्र एक सांभाळ. आवाज चढवण्याआधी त्या मुलींना विचार, त्यांना काय हवंय. तू तावातावाने भांडून आपल्या स्टॉपवर उतरशील. त्यांना कदाचित रोज त्याच बसमध्ये त्याच माणसासमोर बसायचं असेल. त्यांचे चेहरे मोबाईलवर टिपून गावभर पाठवू नकोस. एकटीने भिडू नकोस. शेजारच्या काकूंना विचार, ‘ऐकलंत ना हे?’ एकदा तसं विचारलं की त्यांनाही खिडकीबाहेर बघणं जड जातं. कंडक्टरला हाक मार, बस थांबवायला सांग. तो माणूस प्यायलेला असला, अंगावर येणारा असला, तर ११२ फिरव आणि लांब राहा. तुझ्या जिवावर बेतावं असं मी कधीच सांगणार नाही. आणि तुला त्याला काही बोलायचंच असेल तर लहान वाक्य बोल: ‘काका, असं बोलू नका.’ एवढंही पुरतं. हसणारे चारजण तेवढ्याने गप्प होतात, हे मी पुढे दोन-तीनदा पाहिलंय.

तू लिहिलंस, त्या दोघी तुझ्याच वेळेच्या बसला असतात. मला त्या मुलाचं गाव पुन्हा गाठता आलं नाही. तुला सोमवारीच ती बस आहे. त्यांच्या शेजारी जागा असली तर बस, आणि सांग की त्या दिवशी मी इथेच होते, मी सगळं ऐकलं होतं. काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
मावशी