बिनतारी चार्जर व मोबाइल यांचें संभाषण

मोबाइल फोन एका लहानशा चकतीवर नुसता ठेविला, म्हणजे त्याची बॅटरी भरूं लागते, हें दृश्य आतां कित्येक घरांत दिसतें. तारेवांचून वीज गेली कशी, असा प्रश्न बहुतेकांस सुचतो. परंतु वीज किती द्यावयाची व केव्हां थांबावयाचें, हें चार्जरला कोण सांगतें? या दुसऱ्या प्रश्नाचा आम्ही येथें विशेष विचार करणार आहों. कारण आपली सुरक्षितता त्यावरच अवलंबून आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें जवळच्या तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. चकतींत तांब्याच्या तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून दर सेकंदास सुमारें एक ते दोन लाख आवर्तनें करणारा प्रवाह वाहतो. फोनच्या पाठीशीं दुसरें वेटोळें असतें. त्यांत वीज उत्पन्न होऊन ती बॅटरीकडे जाते. निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रें परस्परांशीं जुळावीं, म्हणून २००८ सालीं वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संस्था निघाली. तिच्या नियमसंचास ‘ची’ असें नांव आहे.

या नियमांप्रमाणें चार्जर आरंभीं क्षणभरच थोडी शक्ति पाठवून वाट पाहतो. चकतीवर फोन असेल, तर तो तेवढ्या शक्तीनें जागा होऊन उत्तर देतो: शक्ति किती प्रबळ पोहोंचली, मी कोण, व मला अधिकांत अधिक किती शक्ति हवी. नुसती किल्ली ठेविली असेल, तर ती उत्तर देऊं शकत नाहीं, व चार्जर पुढें जात नाहीं.

हें उत्तर जातें कसें? पतंग उडविणाऱ्या मुलाच्या हातास दोऱ्याचा ताण जसा कळतो, तसेंच हें आहे. फोन आपल्या वेटोळ्यावरील भार किंचित् कमीजास्त करितो; त्याचा परिणाम चार्जरच्या वेटोळ्यांत उमटतो. या चढउतारांनीं शून्य व एक या दोन खुणा, दर सेकंदास दोन हजार या वेगानें, पाठविल्या जातात. प्रत्येक निरोपाच्या शेवटीं एक पडताळ्याचा अंक असतो. तो जुळला नाहीं, तर निरोप टाकून दिला जातो.

चार्जिंग चालू असतां फोन वारंवार एक अंक कळवितो. अंक धन असेल तर शक्ति वाढवावी, ऋण असेल तर कमी करावी, शून्य असेल तर आहे तशीच ठेवावी. बॅटरी भरली, उष्णता फार वाढली, अथवा दाब मर्यादेबाहेर गेला, तर फोन ‘आतां पुरे’ असा निरोप कारणासह धाडितो, व चार्जर थांबतो. फोन उचलला गेला व निरोप येईनासे झाले, तरी चार्जर सुमारें दीड सेकंदांत आपण होऊन बंद पडतो. मौन हें संमतीचें लक्षण, हा न्याय येथें चालत नाहीं!

आतां मधें एखादें नाणें सांपडलें, असें समजा. त्या धातूंतही प्रवाह उत्पन्न होऊन तें तापूं लागतें. हें ओळखण्यासाठीं फोन आपणांस किती शक्ति मिळाली तें कळवितो, व चार्जर जमाखर्च ताडून पाहतो. नेहमींची तूट वजा जातां ५ वॉट पाठविले आणि फोनास ४ च मिळाले, तर १ वॉट कोठें गेला? तो नाण्यास तापविण्यांत गेला असावा, असें समजून चार्जर पुरवठा थांबवितो.

तथापि या पहाऱ्यावर सर्व भार टाकून आपण निष्काळजी राहूं नये. नाणीं, किल्ल्या व धातूच्या पट्ट्या चकतीपासून दूर ठेवाव्या. फोन भरत असतां त्यावर उशी किंवा पांघरूण पडूं देऊं नये. उष्णता बाहेर जावयास वाट पाहिजे. पालकांनीं चार्जर विकत घेतांना केवळ किंमत न पाहतां त्यावर ‘ची’चें प्रमाणचिन्ह आहे काय, हेंही पाहावें. ज्या चार्जरास फोनाचा ‘पुरे’ हा शब्द नीट ऐकूं येत नाहीं, तो कितीही स्वस्त मिळाला, तरी अखेर महागच पडावयाचा.